दिनूला कबूल केलेली ढाल

धर्माजी जन्मात कधी फुटबॉल खेळला नाही. एकदाच लाथ मारायला गेला, तेव्हा चेंडू जागेवरच राहिला आणि चप्पल गोलात गेली. त्यानंतर चेंडू चुकून त्याच्याकडे आला तर तो छत्रीच्या टोकाने परत ढकलायचा. तरीही आमच्या घिवली गावच्या संघाबद्दल काही विचारायचं असलं की लोक कप्तानाला सोडून त्याच्याकडे जायचे. चिकूची लहानशी वाडी, एक बैलगाडी आणि अखंड बडबड, एवढाच त्याचा संसार. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सकाळी नारळ आणि भाजी भरून गाडी बोईसर स्टेशनला न्यायची आणि संध्याकाळी त्याच गाडीच्या फळीवर चिंचोके मांडून संघांचे गुण मोजायचे, हा त्याचा नेम. मी बोईसरच्या लाकडाच्या वखारीत कामाला होतो. सुटलो की त्याच्याच गाडीत बसून गावात यायचो, त्यामुळे ते चिंचोके मला नको तितके पाठ झाले होते.

त्याची दुसरी ख्याती शब्दाची. जिभेला हाड नसतं म्हणतात, धर्माजीच्या जिभेपुढे तर दोन दातही नव्हते, त्यामुळे शब्द अडायला जागाच नव्हती. बोलता बोलता वाट्टेल ते कबूल करायचा. पण एकदा तोंडातून गेलं की मग पाळायचाच. कोणाच्या तरी मुलीची वरात आपल्या गाडीतून काढीन म्हणाला आणि ऐन लग्नात बैल आजारी पडला, तर याने स्वतः जू खांद्यावर घेतलं. शेवटी वऱ्हाडातल्या दोघांना लाज वाटली आणि त्यांनी चाकांना हात लावला. नवरी आत बसून हसत होती, हा मात्र घामाघूम होऊन गंभीर चेहऱ्याने चालत होता.

ही गोष्ट सदुसष्ट-अडुसष्ट सालची. तिकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि त्या कामावर आलेल्या बंगाली, मल्याळी लोकांनी आपल्याबरोबर फुटबॉल आणला होता. त्यांचं बघून आमची पोरं शिकली आणि पंचक्रोशीत आठ संघांची लीग सुरू झाली. भात कापून शेतं मोकळी झाली की सामने सुरू व्हायचे ते वैशाखापर्यंत. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. सगळ्यांत वर राहील त्याला लाकडाची ढाल, तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेला पत्रा. ही ढाल दरवर्षी बांधकामावरच्या लोकांचा कॅम्प संघ न्यायचा आणि आम्ही घरी येऊन पंचांना शिव्या द्यायचो.

आमचा गोलकीपर दिनानाथ. जयवंतीबाईंचा एकुलता एक मुलगा. त्याचे वडील धर्माजीचे जिवलग मित्र होते, ते गेल्यावर त्या घराची सगळी उठबस धर्माजीच करायचा. दिनूचे हात इतके लांब होते की शर्टाची बाही त्याला कधी पुरली नाही. माघात त्याचं लग्न झालं, एडवणच्या सुलूशी. आणि वैशाखात तो गेला. सराव चालू असताना चेंडू खाडीत पडला, ओहोटी लागली होती. आमच्याकडे तो एकच चेंडू होता, म्हणून दिनू त्याच्यामागे उतरला. चेंडू दुसऱ्या दिवशी आपोआप काठाला लागला. दिनू त्याच्या आधी काही वेळ सापडला होता, मुखाजवळच्या खडकांत.

आमच्याकडे दहाव्याला बायकाही खाडीवर येतात. पिंड मांडला, सगळे लांब झालो, आणि कावळा शिवेना. एक कावळा समोरच्या सुरूच्या झाडावर बसला होता. खाली यायचा, पिंडाभोवती दोन उड्या मारायचा आणि परत वर जाऊन बसायचा. अशा वेळी गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून कोणीतरी शब्द द्यावा लागतो. विधी करणारा दिनूचा चुलतभाऊ चंद्रभान पुढे झाला. आईला सांभाळीन म्हणाला, वाडीला कुंपण घालीन म्हणाला. मग म्हणाला, "सुलूला आमी अंतर नाय देनार, ती याच घरात रायल." तेवढ्यावर कावळा उडून लांब खडकावर जाऊन बसला. ऊन वर चढलं, म्हातारे खाली बसले, आणि बायकांमध्ये रडणं थांबून कुजबुज सुरू झाली.

तेव्हा धर्माजीला राहवलं नाही. तो थेट पिंडापर्यंत गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "दिनू, तू चेंडूपायी गेलास रं. पुढल्या सालाला तुज्या वर्षश्राद्धाच्या आत ढाल आनून तुज्या दारात ठेवतो. हा धर्माजीचा शब्द." तो मागे वळतो न वळतो तोच कावळ्याने येऊन चोच मारली. पोरं ओक्साबोक्शी रडली. जयवंतीबाई पदराआड ओठ हलवत हात जोडून उभ्या होत्या, देवाचं काहीतरी पुटपुटत असतील असं आम्हाला वाटलं.

असा तो शब्द गेला. जू खांद्यावर घेणं वेगळं आणि अकरा पोरांच्या पायांवर विसंबून मेलेल्या माणसाला वचन देणं वेगळं, हे धर्माजीला गाडी घरी नेतानाच कळलं असावं. वाटभर तो एक अक्षर बोलला नाही. एवढा गप्प तो बायको गेली तेव्हाही नव्हता.

पुढच्या मोसमात गोलात एकनाथ उभा राहिला. हा दिनूच्या मागे राखीव होता, आणि का राखीव होता ते सगळ्यांना माहीत होतं. उंच चेंडू आला की तो डोळे मिटायचा. पहिल्या सामन्यात आम्ही पाच-सहा गोल खाणार असं धरूनच गेलो होतो. एकही गेला नाही. चेंडू खांबाला लागायचा, बारवरून जायचा, कोणाच्या तरी गुडघ्याला लागून वळायचा. आणि आमच्या गोलाच्या आडव्या बारवर एक कावळा येऊन बसला होता. मध्यंतरात बाजू बदलल्या तर तोही उडून दुसऱ्या गोलावर आला. पहिल्यांदा हसलो. तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर हसणं बंद झालं. पोरं मैदानात उतरताना बारकडे बघून हात कपाळाला लावू लागली. धर्माजी चिंचोके मांडताना आमच्या रांगेत सगळ्यांत आधी एक काळा खडा ठेवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हा दिनू. याला धरूनच मोजायचा."

एकनाथ मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. एकदा गाडीत माझ्याशेजारी बसून तो हळूच म्हणाला, "गोलात मी एकटा नसतो. मागून कोनतरी जागा सांगतो, मी तिथं सरकतो."

शेवटचे तीन सामने राहिले तेव्हा फळीवर असं चित्र होतं: कॅम्प सर्वांत वर, आम्ही आणि पालघर त्यांच्या दोन गुण खाली. आमचे सामने चिंचणी, पालघर आणि अखेरीला कॅम्पशी. मग काय, रोज संध्याकाळी गाडीभोवती मंडळी जमायची आणि गणित चालायचं. कॅम्पने एक बरोबरी करायलाच हवी. पालघरला आपणच पाडायला हवं. कॅम्पचा डाव्या बाजूने खेळणारा बंगाली दोनदा लंगडताना दिसला, तो खरा लंगडतोय की सोंग करतोय यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. इतर वर्षी याच गप्पांत मजा असायची. त्या वर्षी कोणी चिंचोका सरकवला की आधी धर्माजीच्या तोंडाकडे बघायचा. त्याने दाढी करणं सोडलं होतं, अंगावर मांस राहिलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी सुलू कुंपणापाशी येऊन उभी राहिली. जयवंतीबाईंचं घर धर्माजीच्या वाडीला लागूनच होतं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, पण चाल म्हातारीसारखी झाली होती. बाकीचे पांगले होते, मी बैलांना सोडत होतो. तिने धर्माजीला विचारलं, "काका, ढाल आली का ते जातील ना?"

धर्माजीने हातातले चिंचोके खाली ठेवले. ती सांगू लागली की दिवेलागणीला दिनू येतो. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, अंगावरून पाणी गळत असतं, आत येत नाही. तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि आवाज फुटत नाही. सासूला सांगितलं तर सासू तिला पोटाशी धरते आणि म्हणते, ढाल आली की बंद होईल.

"तो ढालच मागतो गं," धर्माजी म्हणाला. "मी शब्द दिलाय. जाईल तो."

सुलूने मान हलवली, पण ती लगेच गेली नाही. पाठीमागून जयवंतीबाईंनी हाक मारली तेव्हा दचकून वळली. त्या बाई सुलूला हल्ली नजरेआड होऊ देत नसत. विहिरीवर बरोबर, वाडीत बरोबर, निजताना तिचा पदर हाताला गुंडाळून. आम्ही म्हणायचो, बघा, सुनेवर किती माया.

चिंचणीला हरवलं आणि त्याच दिवशी कॅम्पची बरोबरी झाली. पण आमचा सगळा खेळ ज्याच्यावर, तो मंगळ्या पुढच्या सामन्याला नव्हता. मंगळ्या वर बोईसरच्या पूर्वेकडच्या पाड्यावरचा, अनवाणी खेळायचा आणि त्याच्या पायातून चेंडू काढून घेणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. त्याच आठवड्यात त्याचं घरदार वसईकडे वीटभट्टीवर कामाला गेलं होतं. धर्माजी चिकूची टोपली घेऊन आगगाडीने वसईला गेला. मुकादमाने चिकू ठेवून घेतले आणि म्हणाला, दोन हात कमी झाले तर विटा काय तुमची ढाल थापेल? झालं. धर्माजी म्हणाला, त्याच्या जागी मी थापतो. मंगळ्या पालघरविरुद्ध खेळला, दोन गोल मारले, आणि आमचा हा सर्वांत मोठा भक्त त्या वेळी भट्टीवर गुडघाभर चिखल तुडवत होता. निकाल त्याला मंगळ्या परत गेल्यावर कळला. त्याने फक्त विचारलं, "कावला आलता काय?" आला होता. मुकादमालाही शेवटी कीव आली असावी, अखेरच्या सामन्याला त्याने दोघांनाही सोडलं.

अखेरचा सामना दिनूच्या वर्षश्राद्धाच्या चारच दिवस आधी आला. कॅम्प आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे. आम्हाला जिंकायलाच हवं होतं, बरोबरी काही कामाची नव्हती. शेताच्या बांधावर एवढी माणसं की माती खचत होती. बायकाही आल्या होत्या, आणि त्यांच्यात जयवंतीबाई सुलूचा दंड धरून उभ्या होत्या. मला आठवतं, आमच्यातल्या कोणाहीपेक्षा त्या बाईंचं लक्ष जास्त होतं. चेंडू आमच्या बाजूला आला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. आपल्या मुलाच्या मुक्तीसाठी आई तळमळते आहे, असंच कोणीही म्हणालं असतं.

कॅम्पला पेनल्टी मिळाली. तोच डावा बंगाली पुढे आला, अजिबात लंगडत नव्हता. एकनाथ उजवीकडे पडला, चेंडू डावीकडे गेला, मोकळ्या गोलाकडे. आणि खांबाला लागून परत आला. बारवरचा कावळा हललादेखील नाही. सगळीकडे आरडाओरड झाली, पण एकनाथ जमिनीवर बसून रडत होता. "मी नाय अडवला," तो म्हणत राहिला. थोड्या वेळाने मंगळ्याने तिघांना चुकवून चेंडू पलीकडे सारला. आम्ही जिंकलो.

ढाल धर्माजीच्या गाडीतून आली. बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा, पुढे ताशा. जयवंतीबाईंनी दारात ढालीला कुंकू लावलं आणि मग सगळ्यांदेखत सुलूला मिठी मारली. "झाला बाय, झाला," त्या म्हणाल्या, "आता तो गेला." इतकं हसताना त्यांना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. धर्माजी तिथेच उंबऱ्यावर बसून झोपी गेला. संध्याकाळी दिवा लावताना सुलू दाराकडे बघत होती. तिच्या हातातली काडी दोनदा विझली.

श्राद्धाच्या दिवशी सगळा संघ अंगणात होता. पान वाढून कौलांवर ठेवलं, शेजारी शिडी लावून ढालही वर टेकवली. कावळा आला. कौलाच्या टोकाला बसला, पानाकडे पाहिलं आणि मान वळवली. आम्हाला वाटलं, शिवेल. हळदीचा भात वाळू लागला, ढालीचा पत्रा उन्हात डोळ्यांवर येऊ लागला, आणि कावळा जागचा हलला नाही. कोणीतरी म्हणालं, माणसांना बुजत असेल. आम्ही पांगलो, परत आलो. पान तसंच.

मग धर्माजी शिडी चढला. वाढलेली दाढी, भट्टीच्या चिखलाने फुटलेले पाय. त्याने ढाल उचलून लहान मुलाला चंद्र दाखवावा तशी वर धरली. "दिनू, ही बघ. आनली ना रं मी. आनखी काय पायजे तुला, बोल." कावळा गप्प. पुढल्या सालची पण आणतो म्हणाला, वाडी विकून चेंडू घेऊन देतो म्हणाला, मीच येतो तिकडे तुझ्याकडे असंही म्हणाला, तेव्हा चंद्रभानने त्याचा पाय धरला. धर्माजी वरच हुंदके देऊ लागला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"भावजी, खाली या," जयवंतीबाई म्हणाल्या. "त्याला ढाल नको हाय. कदीच नको व्हती."

त्या पुढे आल्या. सुलूचा दंड त्यांनी सोडला होता, त्या वर्षात प्रथमच. कौलांकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "दिनू, सुलूला मी धरून नाय ठेवत. एडवनला धाडते, चांगला घर बगून तिचा पाट लावते. दहाव्यालाबी मी हाच बोलली व्हती, मनातल्या मनात. तू माज्याच बोलाला शिवला व्हतास, मना ठाव हाय."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. पानावरचा घास घेतला, आणि दुसरा घेतला. धर्माजीच्या हाताला त्याचा पंख लागला असेल इतका तो जवळ होता. मग उडाला तो खाडीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

जयवंतीबाई खाली बसल्या. धर्माजी शिडीवरून उतरला आणि ढाल छातीशी धरून त्यांच्यासमोर उभा राहिला. बाईच म्हणाल्या, "त्या टायमाला तुमी मोठ्यानं बोललात, मी मनात. मना वाटला, ढाल आली तर तुमचाच बोल खरा धरता येल. मंग पोर माज्याकडं रायली असती. माज्याकडं दुसरा कोन हाय?" एवढं बोलून त्या रडू लागल्या, आणि सुलूच त्यांना पोटाशी धरून बसली. त्या दोघींकडे बघून मला खाडीकाठचा चंद्रभान आठवला. सुलू याच घरात राहील असं तो म्हणाला होता, तेव्हाच तर कावळा लांब जाऊन बसला होता. आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या मोसमात आमचा संघ का जिंकला, याचा अर्थ मग हळूहळू एकेकाला लागला. दिनू अडकून पडला होता, म्हणून गोलात उभा होता. आणि आम्ही रोज संध्याकाळी गाडीभोवती बसून त्याच्या त्या अडकण्यावर गुण मोजत होतो. धर्माजीला हे सगळ्यांत आधी कळलं असणार, कारण तो काळा खडा त्याने त्याच दुपारी खाडीत नेऊन टाकला.

आठवड्याने त्याने सुलूला गाडीतून बोईसर स्टेशनला पोचवलं. मीही बरोबर होतो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि सासूने दिलेलं चिकूचं रोप. आगगाडी यायच्या आधी सुलू त्याला म्हणाली, "काका, आता दारात कोन येत नाय." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. कसलंही वचन दिलं नाही. पुढच्या वर्षी तिचा पाट लागला, जयवंतीबाई स्वतः जाऊन आल्या. परतल्यावर त्यांचं जेवण धर्माजीकडूनच जायचं, तेही त्याने कधी बोलून कबूल केलं नव्हतं.

नव्या मोसमाचा पहिला सामना पुन्हा कॅम्पशी होता. बारवर काही नव्हतं. खेळ सुरू होऊन चार मिनिटं झाली नसतील, त्या बंगाल्याने लांबून एक साधा चेंडू मारला. एकनाथने सवयीने डोळे मिटले आणि चेंडू सरळ आत गेला. बांधावर सगळ्यांनी कपाळाला हात लावले, पोरं एकनाथवर धावून गेली. धर्माजीबरोबर एकनाथला शिव्या द्यायला मी वळलो.

तो उठून उभा राहिला होता. छत्री काखेत धरून त्याने रिकाम्या बारकडे बघत हात जोडले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "गेला गं बाय," तो शेजारच्या जयवंतीबाईंना म्हणाला, "आता गोलात कोन नाय."

त्या साली आम्ही शेवटचे आलो.